कर्क होण्यापूर्वींचीं वर्षें

रोग जडला म्हणजे वैद्याकडे जावयाचें, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. आणि बहुतेक रोगांच्या बाबतींत ती चालूनहि जाते. ताप आला कीं अंग तापतें, हाड मोडलें कीं ठणका लागतो. म्हणजे शरीर स्वतःच वैद्याला बोलावणें धाडतें. परंतु कांहीं रोग असे आहेत कीं, त्यांचें बोलावणें येतें तेव्हां बरीचशी वेळ निघून गेलेली असते. स्त्रियांना होणारा गर्भाशयमुखाचा कर्करोग हा अशांपैकीं एक होय. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणें भारतांत त्या एका वर्षीं सुमारें १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग नव्यानें जडला आणि सुमारें ८० हजार स्त्रिया त्यानें दगावल्या. दर सहा-सात मिनिटांस एक, असा हा हिशेब पडतो. यांतील दुःखाची गोष्ट अशी कीं, जे कर्करोग आधींच ओळखून टाळतां येतात, त्यांत याच रोगाचें नांव प्रथम घ्यावें लागतें.

हें कसें, तें समजण्यासाठीं शरीररचनेची थोडी माहिती हवी. गर्भाशय उलट्या नासपतीसारखा असून त्याचें निमुळतें टोंक खालीं योनिमार्गांत आलेलें असतें. हेंच गर्भाशयमुख. त्याच्या बाहेरच्या बाजूवर चपट्या पेशींचें अनेक पदरी अस्तर असतें, तर आंतल्या नळीचें अस्तर उभट पेशींचें व एकपदरी असतें. हीं दोन अस्तरें जेथें मिळतात, तेथें वयांत आल्यापासून सतत एका जातीच्या पेशींची जागा दुसऱ्या जातीच्या पेशी घेत असतात. दोन राज्यांच्या सरहद्दीवर जशी नेहमीं गडबड असावी, तशीच ही जागा; आणि कर्काची सुरुवात बहुधा येथेंच होते.

या सुरुवातीचें कारण एक विषाणु आहे, हें जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनीं दाखवून दिलें. १९८३ व १९८४ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या १६ व १८ या क्रमांकांच्या जाती या कर्करोगाच्या पेशींत शोधून काढल्या, आणि २००८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. या दोन जातींमुळेंच सुमारें ७० टक्के रोग होतो. शरीरसंबंधांतून पसरणारा हा विषाणु इतका सर्वसाधारण आहे कीं, बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यांत केव्हां ना केव्हां त्याचा संसर्ग होऊन जातो. यास्तव तो सांपडला म्हणून कोणाच्या शीलाविषयीं शंका घेणें हें अज्ञानाचें लक्षण होय. बहुतेक स्त्रियांच्या शरीरांतून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहींसा होतो. थोड्या स्त्रियांत मात्र तो ठाण मांडून बसतो. त्या सरहद्दीवरील पेशी हळूहळू बिघडूं लागतात, आणि साधारणपणें दहा ते वीस वर्षांनीं त्या बिघाडाचा कर्क बनतो. ज्या स्त्रियांना एच्‌. आय्‌. व्ही. ची बाधा आहे, त्यांच्यांत ही वाटचाल अधिक जलद होते.

पेशींच्या या बिघाडास कर्कपूर्व अवस्था म्हणतात. या अवस्थेंत दुखत नाहीं, खुपत नाहीं, रक्त जात नाहीं. स्त्री शेतावर जाते, पाणी भरते, लेकरें सांभाळते. परंतु हीच उपचाराची खरी वेळ असते. हा बिघाड तसाच राहूं दिला तर काय होतें, याचें उत्तर न्यूझीलंडमधील एका दुर्दैवी प्रकरणांतून मिळालें आहे. ऑकलंड शहरांतील स्त्रियांच्या एका रुग्णालयांत १९६६ पासून कित्येक वर्षें अशा स्त्रियांवर पूर्ण उपचार न करतां केवळ लक्ष ठेवण्याचें धोरण चालविलें गेलें, आणि तें बहुतेकींच्या नकळत. १९८७-८८ मध्यें त्याची न्यायाधीशामार्फत चौकशी झाली. पुढें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, ज्यांचा तीव्र बिघाड नुसता नमुन्यापुरता तुकडा काढून तसाच ठेवला होता, त्यांपैकीं ३१ टक्के स्त्रियांना ३० वर्षांच्या आंत कर्क झाला; आणि ज्यांच्यावर प्रथमच योग्य उपचार झाले, त्यांच्यांत हेंच प्रमाण १ टक्क्याहूनहि कमी होतें. एका छोट्या उपचारानें केवढा फरक पडतो, हें या दोन आंकड्यांवरून उघड होतें.

आतां प्रश्न उरतो तो हा बिघाड ओळखण्याचा. ग्रीसमध्यें जन्मलेले व अमेरिकेंत स्थायिक झालेले डॉक्टर पापानिकोलाऊ यांनीं गर्भाशयमुखावरील पेशी हलकेच खरवडून कांचेवर पसरावयाच्या व सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावयाच्या ही पद्धति काढली. १९४० नंतरच्या दशकांत ती मान्य झाली. पश्चिमेकडील ज्या देशांनीं ती व्यवस्थितपणें अंमलांत आणली, तेथें हा रोग पुष्कळच हटला. परंतु तिला प्रयोगशाळा लागते, पेशी ओळखणारा तज्ज्ञ लागतो, आणि मुख्य म्हणजे बाईला पुन्हां पुन्हां यावें लागतें. एकदां नमुना देण्यास, दुसऱ्यांदा अहवाल घेण्यास. त्यांत दोष निघाला तर दुर्बिणीच्या तपासणीस व तुकडा काढण्यास. आणि शेवटीं उपचारास. शहरांतील बाईलाहि हे हेलपाटे जड जातात. मग जिच्या गांवाहून एस्‌. टी. दिवसांतून दोनदांच सुटते, जिचा एक दिवस मोडला तर मजुरी बुडते, आणि जिला घरांतून निघण्यास सासूची व नवऱ्याची परवानगी लागते, ती बाई दुसऱ्या खेपेस येईलच याचा भरंवसा कोणीं द्यावा? रोग सांपडला, पण रोगी हरवला, अशीच गति होते.

या अडचणींतूनच खेड्यापाड्यांसाठीं एक निराळा विचार पुढें आला: तपासणी व उपचार शक्य तों एकाच खेपेस उरकावयाचे. त्यासाठीं लागणारी वस्तु स्वयंपाकघरांतील शिरक्याच्या जातीची आहे. तीन ते पांच टक्के ॲसेटिक आम्ल कापसाच्या बोळ्यानें गर्भाशयमुखावर लावतात आणि एक मिनिट थांबतात. निरोगी भाग गुलाबीच राहतो. बिघडलेल्या पेशींत केंद्रद्रव्य दाट असल्यामुळें तेवढा भाग कांहीं वेळ पांढराफटक दिसतो. पाहण्यास चांगला उजेड व शिकवून तयार केलेली नजर एवढें पुरतें. ही नजर डॉक्टरचीच असली पाहिजे असें नाहीं. कांहीं आठवड्यांच्या शिक्षणानें नर्सबाईहि हें काम करूं शकते.

पांढरा डाग दिसला कीं पुढचा उपचार दोन-तीन प्रकारांनीं करतां येतो. पहिला प्रकार गोठविण्याचा. नळकांड्यांतील दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रस ऑक्साइड वायु एका धातूच्या टोंकांतून वाहूं दिला कीं तें टोंक अतिशय थंड होतें. तें गर्भाशयमुखावर तीन मिनिटें टेकवून ठेवतात, पांच मिनिटें विरघळूं देतात, आणि पुन्हां तीन मिनिटें गोठवितात. पेशींतील पाण्याचें बर्फ होऊन पेशी फुटतात. पहिल्या खेपेस ज्या तगतात त्या दुसऱ्या खेपेस मरतात. गर्भाशयमुखाला त्वचेसारखी तीव्र संवेदना नसल्यामुळें बहुधा भूल द्यावी लागत नाहीं. पाळीच्या वेळीं ओटीपोटांत कळा येतात, तितपतच त्रास होतो. बिघाड वरच्या कांहीं मिलिमीटरांतच असल्यामुळें एवढी खोली पुरेशी होते. मेलेलें अस्तर पुढें तीन-चार आठवडे पाण्यासारख्या स्रावाच्या रूपानें जातें आणि त्याजागीं नवें, निकोप अस्तर येतें. त्या महिन्यांत शरीरसंबंध टाळावा लागतो. ही गोष्ट बाईपेक्षां तिच्या नवऱ्याला समजावून सांगणें अधिक अगत्याचें असतें, असा अनेक ठिकाणच्या आरोग्यसेविकांचा अनुभव आहे.

या पद्धतीची अडचण वायूचीच. नळकांडें अवजड असतें, तें संपतें, आणि खेड्यांत तें भरून मिळण्यास दिवस लागतात. म्हणून अलीकडे उष्णतेच्या उपचाराकडे कल वळला आहे. जर्मनींतील कील येथील डॉक्टर कुर्ट झेम यांनीं १९६० नंतरच्या दशकांत या कामासाठीं यंत्र तयार केलें होतें. त्यांत धातूचें टोंक सुमारें १०० अंशांपर्यंत तापवून तें अर्ध्या-एक मिनिटापुरतें लावतात. आतां त्याचीं हातांत मावणारीं, विजेच्या घटावर चालणारीं यंत्रें निघालीं असून तीं पिशवींत घालून आडगांवींहि नेतां येतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं या उपचारास मार्गदर्शिकेच्या रूपानें मान्यता दिली. या दोन्ही उपचारांनीं दहांपैकीं साधारणतः आठ-नऊ स्त्रियांतील बिघाड नाहींसा होतो. उरलेल्या सांपडाव्या म्हणून एक वर्षानें पुन्हां तपासणी अवश्य करावी लागते.

मात्र गोठविणें किंवा भाजणें हें कोणालाहि सरसकट लागू पडणारें नाहीं, आणि येथेंच खरी पारख आहे. या उपचारांत पेशी जागच्या जागीं नष्ट होतात. तपासण्यासाठीं तुकडा हातीं राहत नाहीं. त्यामुळें आंत आधींच कर्क झालेला असला तर तो वरच्या जखमेखालीं झांकला जाऊन अधिकच फोफावेल. यासाठीं तीन गोष्टी पाहाव्या लागतात: कर्काची कोणतीहि शंका नसावी, डागाची कड पूर्ण दिसावी, ती नळींत शिरलेली नसावी, आणि यंत्राच्या टोंकाखालीं तो डाग सबंध झांकला जावा. यांपैकीं एकहि गोष्ट पुरी झाली नाहीं, तर बाईला जिल्ह्याच्या किंवा मोठ्या रुग्णालयांत पाठवावें. तेथें विजेच्या तारेच्या फासानें, जागेपुरती भूल देऊन, बिघडलेला भाग कापून काढतात. त्याचा तुकडा हातीं येत असल्यामुळें शंकेचें निरसनहि होतें. पाळी गेलेल्या स्त्रियांत ती सरहद्द आंतल्या नळींत सरकलेली असते. म्हणून शिरक्याची परीक्षा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान जितकी उपयोगी, तितकी पुढें राहत नाहीं.

नर्सबायांच्या हातून हें सारें सुरक्षितपणें होतें काय, ही शंका डॉक्टरमंडळींनाहि होती. २००० सालीं थायलंडमधील रोइ एत प्रांतांत याची परीक्षा झाली. शिकविलेल्या परिचारिकांनीं ५,९९९ स्त्रियांची शिरक्यानें तपासणी केली आणि त्यांपैकीं ७५६ जणींवर गोठविण्याचा उपचार केला. कोणासहि गंभीर इजा झाली नाहीं. आणि उपचारास योग्य ठरलेल्या जवळजवळ सर्व स्त्रिया त्याच दिवशीं तो करून घेण्यास तयार झाल्या. खेड्यांतील बाई अडाणी म्हणून नकार देते, हा समज त्यामुळें खोटा ठरला. तिला अडवितो तो बहुधा दुसरा हेलपाटा.

या विषयांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, आणि तो मुंबई-पुण्याचाच नव्हे. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें १९८७ सालीं टाटा मेमोरियल केंद्राच्या साहाय्यानें बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ खेड्यांसाठीं कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. आपल्या देशांत पूर्णपणें ग्रामीण भागाची अशी नोंद ठेवण्याचा तो पहिलाच उपक्रम. नोंदणी करणारे कार्यकर्ते गांवोगांवीं जाऊन लोकांस रोगाचीं लक्षणें समजावून सांगत, आणि कांहीं वर्षांतच स्त्रिया पूर्वीपेक्षां लवकरच्या अवस्थेंत दवाखान्यांत येऊं लागल्याचें दिसून आलें. पुढें त्यावेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत एक प्रचंड चाचणी झाली. ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रियांचे ५२ ग्रामसमूह करून त्यांच्या चार वांटण्या केल्या: एकींत विषाणूची परीक्षा, दुसरींत पेशींची, तिसरींत शिरक्याची, आणि चौथींत नेहमींचीच आरोग्यसेवा. दोष आढळलेल्या स्त्रियांची बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधारानें पुढील तपासणी व उपचार झाले.

२००९ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगभर गाजला. एकदांच केलेल्या विषाणूच्या परीक्षेनें, व तींतून सांपडलेल्या स्त्रियांवरील उपचारानें, आठ वर्षांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले. विषाणु-परीक्षेच्या गटांत ३४ स्त्रिया दगावल्या. नेहमींच्या सेवेच्या गटांत त्याहून थोड्या स्त्रिया असूनहि ६४ दगावल्या. मात्र त्या ६४ जणींचा आंकडा वाचून अनेकांनीं पुढें असा आक्षेप घेतला कीं, रोग टाळतां येतो हें ठाऊक असतां तुलनेसाठीं कांहीं गांवांस तपासणी न देणें न्यायाचें होतें काय? या आक्षेपावर वाद झाला. परंतु त्या खेड्यांतील स्त्रियांच्या जिवावर हें ज्ञान जगास मिळालें, याचा विसर कोणालाहि पडूं नये.

शिरक्याच्या परीक्षेचें फळ मात्र सर्वत्र सारखें नाहीं. तामिळनाडूंतील दिंडिगल जिल्ह्यांत २००७ च्या अहवालाप्रमाणें तिच्यामुळें मृत्यु ३५ टक्क्यांनीं घटले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत साध्या शिक्षणाच्या कार्यकर्त्या बायांनीं दर दोन वर्षांनीं अशा चार फेऱ्या केल्या आणि २०१४ च्या अहवालांत ३१ टक्के घट दिसली. धाराशिवच्या चाचणींत एकाच फेरीनें तिचा ठळक लाभ दिसला नाहीं. याचें कारण उघड आहे. ही परीक्षा मनुष्याच्या नजरेवर अवलंबून असते; नजर थकते, चुकते, आणि अभ्यास सुटला कीं मंद होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं विषाणूच्या परीक्षेस पहिलें स्थान दिलें. ती परीक्षा निर्दोष आली तर पांच ते दहा वर्षें पुन्हां तपासण्याची गरज नसते. आणि तिचा नमुना बाई स्वतःच एका कुंचलीनें, आडोशाला जाऊन, घेऊं शकते. लाजेचा प्रश्न निम्मा सुटतो तो येथें. परंतु ही परीक्षा जेथें पोंचलेली नाहीं, तेथें शिरक्याचा बोळा व शिकलेली नर्स यांनींच काम चालवावें लागतें. भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेंतहि ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची दर पांच वर्षांनीं शिरक्यानें तपासणी करण्याचेंच ठरविलें गेलें. उणीव विचाराची नाहीं. उणीव आहे ती गांवोगांव तो अंमलांत आणण्याची.

आणखी एक अनर्थ येथें सांगितला पाहिजे. अंगावरून पांढरें जातें, कंबर दुखते, अशी तक्रार घेऊन आलेल्या खेडवळ बाईला कर्काची भीति घालून तिची गर्भाची पिशवीच काढून टाकण्याचा प्रकार आपल्या राज्यांत घडला. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार स्त्रियांची सरकारी समितीनें चौकशी केली, तेव्हां पाहणी केलेल्या सुमारें ८२ हजार स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत कामाचा खाडा नको, हेंहि त्यामागील एक कारण होतें. वास्तविक नुसतें पांढरें जाणें म्हणजे कर्क नव्हे. आणि पेशींचा बिघाड असला तरी सामान्यतः त्यासाठीं पिशवी काढावी लागत नाहीं. अर्ध्या-एक मिनिटाच्या उष्णतेनें किंवा अकरा मिनिटांच्या गोठविण्यानें जें साधतें, त्यासाठीं तिशींतल्या बाईचा सबंध अवयव काढून तिला कर्जांत व अकालीं प्रौढत्वांत लोटणें हा उपचार नव्हे. खरी माहिती घरोघर पोंचली, तर ही भीति घालणाऱ्यांचा धंदा आपोआप बसेल.

विषाणूवरील लसहि आतां निघाली आहे, आणि २०२३ सालीं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लस बाजारांत आली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ती द्यावी अशी शिफारस आहे. तथापि जो संसर्ग आधींच झाला आहे, तो लसीनें जात नाहीं. म्हणून आजची मुलगी लसीनें वांचेल, पण तिची आई तपासणीनेंच वांचेल. या दोहोंपैकीं एक पत्करून दुसरें सोडणें योग्य नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं असें ध्येय ठरविलें कीं, २०३० पर्यंत शंभरांपैकीं ९० मुलींना लस मिळावी, ७० स्त्रियांची चांगल्या परीक्षेनें तपासणी व्हावी, आणि बिघाड वा रोग सांपडलेल्या शंभरांपैकीं ९० जणींवर उपचार व्हावेत.

शहरांतील सुशिक्षित घरांस हा विषय दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. त्यांच्या घरीं धुणें-भांडीं करणारी बाई, गांवाकडे शेती पाहणारी चुलती, दिवाळींत भेटणारी मावसबहीण, यांचें वय बहुधा तिशी-पन्नाशीच्याच दरम्यान असतें. त्यांना एवढें सांगावें: तिशीनंतर, कांहींहि दुखत-खुपत नसतांना, प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन ही तपासणी मागावी, पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेलें तर एक दिवसहि न दवडतां डॉक्टरांस दाखवावें, आणि पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेतल्याशिवाय होकार देऊं नये. त्या दिवसाची तिची मजुरी बुडूं न देणें हें मालकिणीच्या हातीं आहे, आणि सोबत जाणें हें मुलीच्या किंवा सुनेच्या. हा रोग दहा-वीस वर्षें दाराशीं थांबतो. तेवढ्या अवधींत एकदां तरी दार उघडून पाहणें एवढेंच करावयाचें आहे.